सोबत एक ब्रेक पॅड

सेक्टर ६७, मोहाली

परममित्र, मोटारसायकलमालक महोदय यांस,


पत्रासोबत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं एक लहानसं पुडकं आहे. ते आधी उघडू नये, पत्र वाचून झाल्यावर उघडावं, एवढी पहिली विनंती. परममित्र असा मायना का लिहिला, तेही पुढे येईल.

परवा संध्याकाळी आपण दुकानाच्या पायरीवर उभं राहून, चार माणसांदेखत मला हात जोडलेत आणि म्हणालात, "साहेब, धंदा खराब करू नका." तेव्हा मी काही बोललो नाही. आपण एवढ्या नम्रतेनं बोललात, त्याला तितक्याच नम्रतेनं उत्तर द्यायला हवं, आणि ते रस्त्यावर देता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र.

आधी आपल्या आदरातिथ्याचे आभार मानतो. मी भाच्याला घेऊन आपल्याकडे आलो तेव्हा आपण खुर्ची पुसून दिलीत, चहा मागवलात आणि त्याला विचारलंत, "बेटा, कुठला तू?" तो म्हणाला, वाई, जिल्हा सातारा. सातारा आपल्याला माहीत नव्हता. महाराष्ट्र म्हटल्यावर मात्र आपला चेहरा खुलला. "भगत नामदेवजींच्या मुलखातले! मग तर तुम्ही आमचेच." मला खरोखर भरून आलं. या शहरात राहून मला सात वर्षं झाली. नामदेवांचं नाव निघालं की इथल्या माणसाच्या मनातला परकेपणा गळून पडतो, हा माझा सात वर्षांचा अनुभव आहे. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान त्यांच्यामुळे ओळखलं जातं. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्या गावात भरलं, ते याच नात्यापोटी. साडेसहाशे वर्षांहून जुना विश्वास आहे हा. आपण तो एका चहाच्या कपाबरोबर पुढे केलात आणि आम्ही दहा हजारांचं डिपॉझिट न मोजता आपल्या हातात ठेवलं.

आपल्या दुकानावरच्या पाटीचंही कौतुक करायला हवं. पाटीवर मोठ्या अक्षरांत चंदीगड आहे, सेक्टर ६७ त्याखाली बारीक अक्षरांत, आणि मोहाली कुठेच नाही. चंदीगडचे सेक्टर मोजत मोजत मोहालीत कधी शिरतात, ते दूरच्या माणसाला कळत नाही. पुण्याहून, नागपूरहून फोनवर गाडी ठरवणाऱ्या मुलाला वाटतं, एवढं शिस्तीचं शहर, सरळ रेषेत आखलेले रस्ते, तिथली गाडीही तशीच असणार. त्या शहराची सगळी शिस्त आपण एका पाटीवर आणून ठेवलीत.

मग आपण ती गाडी दाखवलीत. काळी, लखलखीत, साडेतीनशे सीसीची बुलेट. टाकीवर हात फिरवला तर तोंड दिसेल. सीट नवं, आरसे नवे, हँडलला लाल गोंडे. भाच्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी विसरणार नाही. त्याच्या आजोबांना बुलेट घ्यायची होती, जमलं नाही. वडिलांना घ्यायची होती, त्यांनाही जमलं नाही. नोकरीवर रुजू होण्याआधी त्याला अकरा दिवस मिळाले होते, आणि ते त्याला हिमालयातल्या आडवाटांवर घालवायचे होते. माझ्याकडे माझी गाडी होती, त्याच्यासाठी हवी होती. "टेन्शन ना लओ जी, गड्डी टनाटन ए," असं आपण म्हणालात. आपल्या तोंडचं हे वाक्य मला पाठ आहे.

त्यानं चक्कर मारून पाहिली, तीही आपणच आग्रह करून मारायला लावलीत. सेक्टरच्या रस्त्यानं चौकापर्यंत गेला, परत आला. ब्रेक लागत होते. लागणारच. सुमारे ३२० मीटर उंचीवरचं हे सपाट शहर आहे. इथे ब्रेक दाबायचा तो सिग्नल लाल झाल्यावर, दोन सेकंद. दोन सेकंदांत झिजलेला ब्रेकही लागतो. घाटात तोच ब्रेक तासभर दाबून सोडायचा असतो, परत दाबायचा असतो. गाडीचा वेग मरतो तेव्हा त्याची उष्णता होते, ती सगळी त्या एवढ्याशा पॅडमध्ये आणि डिस्कमध्ये जाते, तिथून ब्रेकच्या तेलात जाते. तेल नवं असेल तर सोसतं. जुन्या तेलानं हवेतली ओल ओढून घेतलेली असते, ते लवकर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि हातातला लिव्हर मुठीला येऊन टेकतो तरी चाकापर्यंत काही पोचत नाही. डीओटी-४ जातीचं कोरडं तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्या तेलाची हमी १५५ अंशांवर येते. आपण हे जाणता. एवढी वर्षं या धंद्यात आहात. म्हणूनच आपण आम्हाला चौकापर्यंतच पाठवलंत.

आपण कागदही व्यवस्थित केलात. इंग्रजीत छापलेला, दोन पानी. गाडी उत्तम स्थितीत मिळाली, पुढे जे होईल त्याला मालक जबाबदार नाही, असं त्यात होतं. भाच्यानं सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली. ही सही मला रोज आठवते.

आमचा मार्ग ऐकून आपण खूश झाला होतात. "वाह, असली पहाड!" परवाणूपासून सोलनपर्यंत चौपदरी रस्त्यासाठी डोंगर उभे कापून ठेवलेत, पावसाळ्यात ते खाली येतात. म्हणून आम्ही धरमपूरला महामार्ग सोडून सुबाथूकडे वळलो. गुरख्यांच्या छावणीचं ते टुमदार गाव मागे टाकून कुनिहार, आणि पहिला मुक्काम अर्कीला. दुसऱ्या दिवशी शालाघाट, सिमला, ठियोग, आणि संध्याकाळी नारकंडा. सप्टेंबर अखेर होती. सफरचंदांच्या पेट्या भरलेले ट्रक, रस्त्याकडेला फुटक्या फळांचा गोड आंबूस वास, आणि संध्याकाळी समोर बर्फाची एक लांब रेघ. जवळच ठाणेदारला सॅम्युएल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसानं १९१६ साली रेड डिलिशसची रोपं लावली आणि या डोंगरांचं नशीब बदललं, हे मी भाच्याला सांगत होतो. तो ऐकत होता, वहीत लिहून घेत होता. वहीच्या मागच्या पानात दोन पोस्टकार्डं होती. स्पितीत हिक्किमला सुमारे ४४०० मीटरवर पोस्ट ऑफिस आहे. तिथून एक कार्ड आईला आणि एक आजीला टाकायचं होतं. पत्ते त्यानं इथे, माझ्या घरी बसून, वळणदार अक्षरात आधीच लिहून ठेवले होते.

ते दोन दिवस आपण दिलेत. त्याबद्दल जे आभार मानतो ते मनापासून मानतो. त्यात दुसरा अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी नारकंड्याहून सैंजमार्गे सतलजवर लुहरीला उतरायचं होतं. दीड हजार मीटरांहून जास्त उतार, अर्ध्या दिवसात. निम्म्यावर भाचा थांबला. "मामा, पुढून खरखर आवाज येतोय." मी वाकून पाहिलं, डिस्कवर बारीक चरे दिसले. पुलाजवळ थांबून आपल्याला फोन लावला. आपण पहिल्या घंटीला उचललात, हे नमूद करतो, कारण नंतर कधी तसा उचलला नाहीत. आपण म्हणालात, नवे पॅड आठ दिवसांपूर्वीच टाकलेत, नवे पॅड बसेपर्यंत आवाज करतात, पहाडात असं होतंच. पुढे आणी गावात एका मिस्त्रीनं मागच्या ब्रेकचा नट आवळून दिला. पुढचे पॅड त्याच्याकडे नव्हते. औट किंवा कुल्लूला मिळतील म्हणाला. मालकानं नवे टाकले आहेत म्हणतोय तर जा, पण सांभाळून जा, असंही म्हणाला. आम्ही आपल्या शब्दावर विसंबून निघालो. मिस्त्रीच्या डोळ्यांनी पाहिलं ते सोडून आपल्या शब्दावर. नामदेवांचं नाव घेतलं होतंत ना आपण.

जलोडी खिंड सुमारे ३१२० मीटर उंच आहे. आमच्या कळसूबाईची उंची १६४६. वर देवीचं देऊळ, चार टपऱ्या, सोसाट्याचा वारा. आम्ही राजमा-भात खाल्ला. भाच्यानं देवळाला प्रदक्षिणा घातली. ढग अंगावरून जात होते. मग आम्ही शोजाच्या बाजूनं उतरायला लागलो.

तो रस्ता आपण पाहिला आहे का? आपण पहाडांचे फोटो दुकानात लावलेत, म्हणून विचारतो. वरचे काही किलोमीटर इतके खडे आहेत की समोरून येणारी बस पहिल्या गिअरमध्ये रडत चढते. एका बाजूला देवदार आणि डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. डांबर कुठे आहे, कुठे फक्त खडी. माझ्या भाच्याला घाट नवीन नव्हता. त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, एसटीत चालक. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट त्यांनी किती हजार वेळा चढला-उतरला असेल, त्याची मोजदाद नाही. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर गाडी सोडायची नाही, हे पोरगं दुधाबरोबर शिकलंय. तो दुसऱ्या गिअरमध्ये होता, वेग पंधरा-वीसचा. मी त्याच्या मागे, तीस-चाळीस हातांवर.

तिसऱ्या की चौथ्या वळणाआधी खालून बस दिसली. त्याच्या गाडीचा मागचा लाल दिवा पेटला. मी माझा ब्रेक दाबला, माझी गाडी सावकाश झाली. त्याचा दिवा पेटलेलाच होता. म्हणजे त्यानं ब्रेक दाबून धरला होता. पण आमच्यातलं अंतर वाढत होतं.

महोदय, तो दिवा आपण नवा टाकला होतात. लख्ख पेटत होता. गाडीत तेवढं एकच काम चोख झालं होतं.

"मामा, ब्रेक!" एवढंच तो ओरडला. मग त्यानं जे केलं ते त्याच्या बापानं शिकवलेलं होतं. गिअर पहिल्यावर आपटला आणि गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराकडे घातली. पाण्याच्या चरात पुढचं चाक उतरलं, गाडी आडवी झाली आणि तो नेच्यांच्या ओल्या मातीच्या भिंतीवर खांद्यानं आदळला. मी पोचलो तेव्हा इंजिन चालू होतं. डिस्क ओल्या शेवाळाला टेकली होती आणि तव्यावर पाणी पडावं तसा चर्रर आवाज होऊन वाफ निघत होती. जळक्या वासानं नाक भरलं. तो डोळे उघडे ठेवून पडला होता आणि म्हणत होता, "मामा, मी दाबला होता. मी दाबला होता."

आपण दिलेल्या हेल्मेटचेही आभार मानायचे राहिले. अर्धी वाटी, आत स्पंज निघालेला, त्यावर आयएसआयचा छाप नाही. १ जून २०२१ पासून असं हेल्मेट विकायलाही बंदी आहे. ते मी आपल्याकडून घेतलं आणि घरीच ठेवलं. त्याच्या डोक्यावर माझं जुनं, पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट होतं. त्या हेल्मेटच्या डाव्या बाजूला आता अंगठा मावेल एवढी खोक आहे. आपल्या वाटीचं काय झालं असतं, याचा विचार मी रात्री करतो, म्हणून दिवसा करत नाही.

बसचा चालक उतरला, त्यानं चाकाखाली दगड लावले आणि गाडी बंद केली. वरच्या उतारावर गवत कापणाऱ्या दोन बायका भारे टाकून धावत आल्या. त्यातल्या थोरलीनं डोक्याचा ढाटू सोडला, त्याची घडी घातली आणि पोराचा हात त्याच्याच छातीशी असा बांधला की पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी तो सोडायच्या आधी विचारलं, हा कुणी बांधला. पहाडातली बाई डोक्यावरचं वस्त्र सहज सोडत नाही. मी पैसे द्यायला गेलो तर तिनं माझा हात मागे सारला आणि म्हणाली, "बच्चा है." कोबीच्या गोण्या भरलेल्या पिकअपवाल्यानं अर्ध्या गोण्या रस्त्यात उतरवून जागा केली. त्यानंही काही घेतलं नाही. त्या लोकांनी माझं नाव विचारलं नाही, नामदेवांचंही काढलं नाही.

डाव्या हासळीचं हाड मोडलं होतं, मनगटाला तडा होता. रात्री मी आपल्याला फोन केला. सहाव्या वेळी आपण उचललात. आपला पहिला प्रश्न होता, "गाडी को कितना लगा?" मी म्हणालो, मुलाचं हाड मोडलंय. आपण क्षणभर थांबलात. मला वाटलं, आता विचाराल. मग आपण म्हणालात, "पोलिसांनी विचारलं तर भाड्याची गाडी आहे म्हणू नका. दोस्त की गाडी है, बोल देना."

त्या रात्री आपली मैत्री झाली. मायन्यातला परममित्र तिथला आहे.

या मैत्रीची गरज आपल्याला का पडली, ते मला दुसऱ्या दिवशी घाटाखालच्या बंजार गावातल्या रस्त्यावर गाडीच्या नंबर प्लेटकडे बघताना समजलं. पांढरी प्लेट, काळे अंक. भाड्यानं द्यायच्या मोटारसायकलीला काळी प्लेट आणि पिवळे अंक लागतात. १९९७ सालापासून त्यासाठी केंद्र सरकारची योजना आहे, परवाना घ्यावा लागतो. आपली गाडी खासगी. खासगी गाडीचा विमा ती भाड्यानं दिल्यावर लागू होत नाही, पॉलिसीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे सेक्टर ६७ मधून निघाल्यापासून जलोडीपर्यंत माझ्या बहिणीचा मुलगा जिच्यावर बसला होता, तिला ब्रेक नव्हता आणि तिच्यामागे विमाही नव्हता. समोरच्या बसला ती धडकली असती आणि आतल्या कुणाला लागलं असतं, तर तो खर्च कुणाचा? दोस्ताचा.

गाडी उघडली ती बंजारच्या एका मिस्त्रीनं. पुढचा एक पॅड हातात घेऊन तो बराच वेळ काही बोलला नाही. त्यावर घासायचा थर राहिलाच नव्हता, नुसती लोखंडी पट्टी होती. लोखंड लोखंडावर घासत होतं. ती खरखर तीच. डिस्कवर जुन्या तबकडीसारख्या रेघा पडल्या होत्या. ब्रेकचं तेल काढलं तर काळ्या चहासारखं. मागच्या ड्रममधले शू काचेसारखे गुळगुळीत. आठ दिवसांपूर्वी टाकलेले नवे पॅड, महोदय! तो मिस्त्री म्हणाला, "इससे तो साइकिल भी नहीं रुकेगी." आणि त्यानं दोन्ही पॅड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. मजुरी घेतली फक्त गाडी उघडल्याची.

पॅडच्या जोडीची किंमत आपल्याला सांगायला नको. पाचशेच्या एका नोटेत जोडीही आली असती आणि बसवणाऱ्याची मजुरीही. टाकीला पॉलिश करण्यात आपण त्याहून जास्त घातले असतील.

ताईला फोन करणं ही गोष्ट मी आपल्यावर सोपवली असती तर बरं झालं असतं. ती रडली. मग फोन दाजींनी घेतला. ते मोठ्यानं बोलत नाहीत. सबंध हयातीत प्रवासी भरलेल्या गाडीचा ब्रेक स्वतः दाबून बघितल्याशिवाय आगाराबाहेर न काढलेला माणूस. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, कसं झालं विचारलं नाही. एकच विचारलं, "निघायच्या आधी ब्रेक कुणी बघितले होते?"

मी काय उत्तर देणार? म्हणालो, मालक म्हणाला होता, चांगले आहेत. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "बरं. पोराला भात खायला घाल." साक्षीदार म्हणून केलेली सही मला आठवते ती याच प्रश्नामुळे. माझी चूक माझ्याकडे आहे, ती मी आपल्या अंगावर टाकणार नाही.

गाडी पिकअपमध्ये घालून मी आपल्या दारात आणून दिली. आपण टॉर्च लावून एकेक ओरखडा मोजलात. हँडल, हेडलाइट, लेगगार्ड, टाकीचा पोचा, आणि गाडी उभी राहिली त्या दिवसांचं बुडालेलं भाडं. दहा हजारांचं डिपॉझिट ठेवून घेतलंत, वर अठरा हजारांचा हिशेब माझ्या घरी आणून दिलात. त्या हिशेबात एक ओळ होती, ती मी जपून ठेवली आहे : ब्रेक पॅड, नवीन, एक जोडी. आमच्याकडून. मी ते पैसे दिले. भांडलो नाही. भाचा आत खाटेवर होता, शेजारच्या बीजी त्याच्यासाठी पंजिरी घेऊन आल्या होत्या, त्याच्या उशाशी बसून चमच्यानं भरवत होत्या. घरात एवढं चांगलं माणूस बसलेलं असताना मला दारात आवाज चढवायचा नव्हता. बीजींनी मागाहून मला विचारलं, कुठल्या दुकानातून घेतली होती गाडी. मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "आपल्याच सेक्टरमधला? शरम आहे."

आता परवाचं. आपण म्हणालात, मी धंदा खराब करतो. मी काय केलं, ते आपण चारचौघांत सांगितलं नाहीत, म्हणून मी सांगतो. मी संध्याकाळी फिरायला निघालो होतो. आपल्या दारात तीच काळी बुलेट उभी होती. टाकीचा पोचा काढलेला, नवा रंग, नवे गोंडे. प्लेट पांढरीच. दोन मुलं तिच्यावर सामान बांधत होती. इंदूरची होती. त्यांच्या हिंदीत मध्येच एखादा मराठी शब्द येत होता. मी विचारलं, कुठे निघालात? त्यातला एक हसून म्हणाला, "जिभी, अंकल. जलोडी पास से." माझ्या खिशात ते दोन पॅड होते. बंजारपासून ते माझ्या खिशातच आहेत, का ते विचारू नका. मी ते काढून त्या मुलाच्या तळहातावर ठेवले आणि म्हणालो, हे या गाडीतले आहेत. आता आत काय आहे ते एकदा चाक काढून बघा, आणि मगच जा. एवढंच.

त्यानं पॅड उलटेपालटे करून पाहिले. मग त्यानं आपल्याला हाक मारली. मग आपण पायरीवर आलात आणि हात जोडलेत.

महोदय, माझी विनंती फार मोठी नाही. परवाना घ्या, काळी प्लेट लावा, विमा करा. तोवर एवढं करा. प्रत्येक गाडीच्या हँडलला एक कार्ड बांधा. पॅड कधी बदलले, ब्रेकचं तेल कधी बदललं, ती तारीख त्यावर आपल्या हातानं लिहा आणि खाली सही करा. आमच्याकडून आपण दोन पानांवर सह्या घेता. आपली एक सही एवढीच मागणी आहे. जलोडीच्या उतारावर पोरगा आणि दरी यांच्यामध्ये दुसरं काहीच नसतं. कठडा नसतो, पोलीस नसतो, मामा तीस हात मागे असतो. तिथे असतो तो आपण लावलेला पॅड. आपण या सेक्टरमध्ये खुर्चीवर बसलेले असता, पण त्या वळणावर आपणच असता, आणि ते पोर आपल्याच भरवशावर लिव्हर दाबतं.

भाचा आता बरा आहे. वाईला परत गेला. हासळी जुळली, मनगट थोडं दुखतं. हिक्किमची ती दोन पोस्टकार्डं माझ्या टेबलाच्या खणात आहेत, पत्ता लिहिलेली, मजकुराची जागा कोरी. पुढच्या वर्षी येतो म्हणाला आहे. दाजी म्हणाले, या वेळी मीही येतो, गाडी मी बघून देतो.

पत्राच्या शेवटी "लोभ असावा" असं लिहायची आमच्याकडे रीत आहे. तो आपल्याकडे आधीच भरपूर आहे, म्हणून लिहीत नाही.

पुडक्यात एक पॅड आहे. आपण अठरा हजारांत त्याचे पैसे लावले होते, तेव्हा तो आपलाच. गल्ल्यात ठेवा.

दुसरा माझ्या खिशात आहे. संध्याकाळी सातला मी रोज त्याच रस्त्यानं फिरायला येतो.

आपला,
दोस्त